ग्राहकांच्या कॉम्प्युटरवर दुकानाचा नंबर टिकावा म्हणून कोणतं स्टिकर घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की साताऱ्यात दुरुस्तीचं दुकान आहे, क्रोमो म्हणजे चकचकीत कागदाची स्टिकरं छापून घेता आणि वर्षाच्या आत एकतर अक्षरं पुसतात नाहीतर कडा उचलतात. आता रेडियमवाल्याकडे जावं की बारकोड प्रिंटर घ्यावा, हा तुमचा प्रश्न.

माझं दुकान सांगलीत. गिऱ्हाईक मार्केट यार्डातलं, मिरजेच्या दवाखान्यांतलं आणि कुपवाड एमआयडीसीतलं. यार्डात हळदीची धूळ बसते, कागद पिवळा पडतो तो पडतोच. मिरजेत काउंटरवरची प्रत्येक वस्तू स्पिरिटनं नाहीतर सॅनिटायझरनं पुसतात. कुपवाडला कूलंट आणि तेलाचे हात. या तिन्ही ठिकाणी टिकलेलं एकच आहे: पॉलिस्टरचं लेबल आणि त्यावर रेझिन रिबननं केलेली छपाई. रिबन म्हणजे बारकोड प्रिंटरमधली शाईची फीत, उष्णतेनं तिची शाई लेबलवर उतरते. लॅपटॉपच्या तळाशी कंपनीचं सीरियल नंबरचं लेबल असतं ना, तेही बहुधा अशाच प्लास्टिकच्या फिल्मचं असतं, कागदाचं नसतं.

इथे बरेच जण अर्धंच काम करतात. पॉलिस्टरचा रोल आणतात आणि प्रिंटरमध्ये आधीचीच वॅक्स रिबन राहू देतात. वॅक्स कागदासाठी असते. पॉलिस्टरवर ती नखानं खरवडून निघते. वॅक्स-रेझिन मधली. स्पिरिटला पुरून उरते ती फक्त रेझिन. तिला उष्णता जास्त लागते, म्हणून प्रिंटरच्या सेटिंगमध्ये डार्कनेस वाढवा आणि स्पीड कमी करा, नाहीतर अक्षरं तुटक येतील आणि दोष रोलला द्याल.

प्रिंटर घेताना तो रिबनवर चालणारा आहे ना, हे बघून घ्या. बिनरिबनचा डायरेक्ट थर्मल स्वस्त पडतो, पण त्याचं लेबल म्हणजे कुरिअरच्या पाकिटावरचं लेबल. त्यावर नख जोरात ओढलं की काळी रेघ उठते, ही त्याची ओळख. उन्हात ते फिकं पडतं, गरम झालं की काळवंडतं आणि सॅनिटायझर लागला तरी काळं होतं. कॉम्प्युटरवर ते लावूच नका.

रेडियमवाल्याचं व्हिनाइल गाडीला ठीक. लॅपटॉपच्या तळाशी उष्णतेनं ते हळूहळू आक्रसतं, कडेनं गमाची चिकट रेघ उघडी पडते आणि तिच्यावर मळ बसून काळी चौकट तयार होते. डेस्कटॉपच्या कॅबिनेटवर लॅमिनेशन केलेलं व्हिनाइल चालून जातं.

नवीन दुकान असेल तर बारकोड प्रिंटरचा खर्च लगेच कशाला? टेपवर छापणारी छोटी मशीन मिळतात. त्यांतल्या लॅमिनेटेड टेपमध्ये अक्षरं पारदर्शक फिल्मच्या आत राहतात, त्यामुळे वरून कितीही घासलं तरी शाईला हात लागत नाही. १८ किंवा २४ मिलिमीटर रुंदीची टेप घ्या. दर लेबलमागे महाग पडते, पण महिन्याला मोजकेच कॉम्प्युटर दुरुस्तीला येत असतील तर हिशोब जमतो. काम वाढलं की ५० बाय २५ मिलिमीटरचा पॉलिस्टर रोल. चंदेरी चकचकीत घेऊ नका. दिसतो झकास, पण ट्यूबलाइटखाली नंबर वाचायला मान वाकडी करावी लागते आणि क्यूआर कोडही नीट स्कॅन होत नाही. पांढरा किंवा मॅट घ्या, आणि कोपरे गोल असलेला. टोकदार कोपराच आधी उचलतो.

स्क्रूवर लावायचं वॉरंटीचं स्टिकर वेगळं. ते उचकटलं की तुकडे व्हावेत म्हणून मुद्दाम ठिसूळ बनवलेलं असतं. त्याच्यावरच फोन नंबर छापून एका खर्चात दोन कामं उरकायला गेलं तर वॉरंटीबरोबर नंबरही जातो.

लावण्याआधी जागा आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मदरबोर्ड साफ करायला दुकानात असतोच. पूर्ण वाळू द्या, गमाला बोट लावू नका, मधून कडेकडे अंगठ्यानं दाबत न्या. गमाची पूर्ण पकड यायला साधारण एक दिवस लागतो, म्हणून मशीन द्यायच्या दिवशी नको, टेस्टिंगला ठेवाल तेव्हाच लावा. खरबरीत पावडर कोटिंगवर साधा गम धरत नाही. सपाट जागा शोधा किंवा लेबलवाल्याकडे जाड गमाचा माल मागा. रबरासारखा मऊ लेप असलेल्या झाकणावर तर नकोच, तो लेपच काही वर्षांनी चिकट होऊन सुटतो.

लॅपटॉपला तळाशी लावा, पण हवेच्या जाळीवर नको, सीरियल नंबरवर नको आणि स्क्रूवरही नको, कारण पुढच्या वेळी ते सोलणारे तुम्हीच. झाकणावर लावायचंच असेल तर विचारून. लोक लॅपटॉप विकतात आणि आपली जाहिरात त्यांना डोईजड होते. डेस्कटॉपला मागच्या बाजूला लावलेला नंबर कुणी वाचत नाही. मशीन बंद पडल्यावर माणसाचा हात पॉवर बटणाकडे जातो, त्याच्या आसपास लावा. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी ओसरल्यावर चिखलानं भरलेली कॅबिनेटं आली, तेव्हा कागदी स्टिकरांचा लगदा झाला होता. पॉलिस्टरवाली ओल्या फडक्यानं पुसली की कुणाचं मशीन ते कळत होतं. तेव्हापासून मी बाजूचं पॅनल उघडून आतूनही एक लावतो.

मजकूर कमी ठेवा. दुकानाचं नाव, नंबर आणि जॉब नंबर, बस. नंबर सगळ्यात मोठा, पाच-पाच आकड्यांत तोडलेला. गिऱ्हाइकाचं नाव आणि पासवर्ड तुमच्या रजिस्टरात, मशीनवर नव्हे. क्यूआरमध्ये व्हॉट्सअॅपची छोटी लिंक घाला. पत्ता, ईमेल सगळं कोंबलं की ठिपके बारीक होतात आणि साधा मोबाइल ते वाचत नाही. चौकोन किमान १५ मिलिमीटरचा हवा आणि भोवती मोकळी जागा.

नंबर दुकानाचा स्वतंत्र असू द्या, कामावरच्या पोराचा नको. जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलून तोच नंबर ठेवता येतो, त्यामुळे नंबर बदलायला तेवढं कारण उरत नाही. फक्त त्या सिमचा रिचार्ज चुकवू नका. बंद पडलेला नंबर पुढे दुसऱ्याला मिळतो आणि तुमचं टिकाऊ लेबल त्याचा फोन वाजवत बसतं.

आणि चार्जर विसरू नका. दुकानात सगळ्यात जास्त अदलाबदल त्यांचीच होते. लेबल वायरला गुंडाळून त्याची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवायची, झेंड्यासारखं, आणि त्यावर जॉब नंबर. हजाराची ऑर्डर देण्याआधी पाच-सहा नमुने मागवा, दुकानातल्याच मशीनवर लावा आणि आठवडाभर आयपीए, तेल, नख, जे सापडेल त्यानं घासून बघा.