वाचक विचारतात: काडतूस रीलोडिंगसाठी घरचं टेबल

प्रश्न: .३०८ रायफलची वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरण्यासाठी (रीलोडिंग) सिंगल-स्टेज प्रेस, म्हणजे एका वेळी एकच काम करणारं हाताचं दाबयंत्र, घेतला आहे. गॅरेजमधल्या जुन्या कॉम्प्युटर टेबलाला तो स्क्रूने बसवला, पण पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी आवरण) डायमध्ये, म्हणजे आकार देणाऱ्या साच्यात, दाबताना टेबल डुलतं आणि दांडा वर घेताना पुढची बाजू चक्क उचलली जाते. भिंतीलगत सहा फूट जागा आहे. टेबल विकत घ्यावं की बनवावं? बनवायचं तर कसं?
– एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर: बनवा. तयार टेबलांची फळी बहुधा भुशाच्या बोर्डाची असते. तिला वरून वजन सोसतं, पण प्रेसचा झटका वेगळा असतो. दांडा खाली ओढला की फळीची पुढची कड खाली दबते आणि प्रेसचे मागचे बोल्ट वर ओढले जातात. दांडा वर घेताना पुंगळीच्या मानेतून एक्स्पांडर (मान रुंद करणारा डायमधला गोळा) निघत असतो, म्हणून ताण उलटा होतो आणि टेबल उचललं जातं. अशा फळीत लाकडाचे स्क्रू काही दिवसांतच भोक मोठं करतात.

डुलण्याने नुसती गैरसोय होत नाही. प्रायमर (पुंगळीच्या बुडाशी बसणारी, पावडर पेटवणारी टोपी) तिरका चाललाय का, पुंगळी डायमध्ये अडकायला लागली का, हे सगळं हाताला कळतं. टेबलच हलत असेल तर तो अंदाज नाहीसा होतो. मात्र आधी एक तपासा: सगळं अंग टाकून दांडा ओढावा लागत असेल तर पुंगळीला वंगण कमी पडतंय. टेबल कितीही भक्कम केलं तरी ते दुखणं जाणार नाही, उलट पुंगळी डायमध्ये रुतून बसेल.

सामान: ३/४ इंच जाडीच्या प्लायवूडचं ४ बाय ८ फुटांचं एक शीट, पायांसाठी आठ फुटी ४×४ लाकूड दोन नग, चौकटीसाठी आठ फुटी २×४ लाकूड सहा नग, लाकडाचा गोंद, सव्वा इंची आणि तीन इंची स्क्रू, पायांसाठी ३/८ इंची बोल्ट. लक्षात ठेवा, दुकानातलं २×४ प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरतं आणि ४×४ साडेतीन बाय साडेतीन. मापं धरताना हमखास चूक होते ती इथेच.

शीटमधून २४ बाय ७२ इंचांचे दोन तुकडे काढा. ते एकमेकांवर गोंदाने चिकटवून खालून स्क्रू मारले की दीड इंच जाडीची फळी तयार होते. गोंद कडेपर्यंत पसरवा. मध्ये पोकळी राहिली तर प्रेसखाली फळी दबत राहते. उरलेल्या तुकड्यातून खालचा कप्पा होतो.

पाय साडेचौतीस इंचांचे कापा, म्हणजे वरची पातळी ३६ इंचांवर येईल. साधारण उंचीच्या माणसाला उभ्याने किंवा उंच स्टुलावर बसून काम करायला ती बरी पडते. साध्या खुर्चीवर बसणार असाल तर ३० इंच ठेवा. लाकूड कापण्याआधी प्रेस एखाद्या मजबूत ओट्यावर क्लॅम्पने तात्पुरता बसवून दांडा पूर्ण फिरवून बघा. खाली आल्यावर मूठ किंवा गुडघा आपटता कामा नये, आणि वर गेल्यावर कोपर खांद्याच्या वर जाता कामा नये.

चौकट ६६ इंच लांब आणि २१ इंच खोल करा. लांबीच्या पट्ट्या बाहेरून आणि १८ इंची आडव्या पट्ट्या त्यांच्या आत बसवा. अशा दोन चौकटी लागतात: एक फळीखाली, एक जमिनीपासून आठ इंचांवर. पाय कोपऱ्यांत आतून बोल्टने आवळा. आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले म्हणजे चौकट गुण्यात आहे. फळी मागे भिंतीला टेकते आणि पुढे चौकटीपेक्षा तीन इंच बाहेर राहते. हे तीन इंच मुद्दाम ठेवलेले आहेत, कारण प्रेसच्या खालच्या दांड्यांना हलायला कडेबाहेर जागा लागते आणि बोल्टच्या वाटेत पट्टी येऊन चालत नाही. भोक पाडायच्या दिवशी बोल्ट नेमका २×४ वर येतो आणि सगळं अडतं, हा अनुभव अनेकांना येतो. म्हणून प्रेसचा कागदी साचा आधीच फळीखाली धरून बघा. त्याउलट, कड चार-पाच इंचांहून जास्त पुढे काढली तर ती पुन्हा लवायला लागते.

प्रेस मधोमध नको, पायाजवळ हवा. उजव्या हाताने काम करणाऱ्याने उजव्या पायाजवळ बसवावा, म्हणजे डावीकडे पुंगळ्यांच्या ट्रेला जागा राहते. बोल्ट आरपार घ्या. खाली नटाआधी पाव इंच जाडीची लोखंडी पट्टी किंवा निदान मोठे वायसर घाला. पहिल्या शंभरेक पुंगळ्यांनंतर नट पुन्हा आवळा, प्लायवूड थोडं दबलेलं असतं.

अमेरिकी घरांच्या भिंतीत लाकडी उभे खांब बहुधा १६ इंचांवर असतात. ते शोधून वरच्या मागच्या पट्टीतून ५/१६ इंची, चार इंच लांबीचे लॅग बोल्ट (लाकडात रुतणारे जाड स्क्रू) त्यांत उतरवा. नुसत्या ड्रायवॉलला (भिंतीवरच्या जिप्सम बोर्डाला) काही धरत नाही. भोक पाडण्याआधी तिथून वायर किंवा पाइप जात नाही याची खात्री करा. गॅरेजच्या जमिनीला दाराकडे उतार असतो, तेव्हा पाणसळ ठेवून पायांखाली पाचरा घाला आणि मगच भिंतीला बांधा.

घर भाड्याचं असेल आणि भिंतीला हात लावता येत नसेल तर खालच्या कप्प्यावर वजन ठेवा. १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं एकक) ५०० गोळ्यांचं वजनच १२ पौंड भरतं. जड माल खाली राहिला की टेबल आपोआप स्थिरावतं.

फळीला फिकट रंग किंवा पारदर्शक पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. गडद फळीवर सांडलेले पावडरचे दाणे दिसत नाहीत. मागची फट सिलिकॉनने बुजवा.

प्रश्न: पावडर तोलायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तेच वजन कधी ०.३ ग्रेन जास्त तर कधी कमी दिसतं. काटा बदलावा का?
– एक वाचक, डॅलस

उत्तर: आधी जागा बदला. १ ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचा फरक पडायला छताचा पंखा किंवा एसीची झोत पुरते. काट्याची फळी टेबलावर न ठेवता भिंतीवर वेगळी बसवा, म्हणजे प्रेसचे हादरे तिथे पोचणार नाहीत. काटा सुरू करून अर्धा तास तसाच राहू द्या. मोबाइल आणि जुनी ट्यूबलाइट त्याच्यापासून लांब हवी. प्लॅस्टिकच्या नरसाळ्यात स्थिर वीज साठते आणि तीही आकडा बिघडवते. दर दहा-पंधरा वजनांनंतर तपासणीचं वजन ठेवून बघा. दांडीचा तराजू असेल तर तो डोळ्यांच्या पातळीवर ठेवा, तिरकं पाहिलं की वाचन चुकतं.

०.३ ग्रेन हा फरक चाळीसेक ग्रेन घेणाऱ्या रायफलच्या पुंगळीत एक टक्क्याहून कमी असतो. पाच ग्रेनच्या पिस्तुलाच्या काडतुसात तोच सहा टक्के होतो. म्हणून पिस्तुलासाठी काट्यावर विश्वास ठेवण्याआधी तो नीट पारखा. पावडरचं प्रमाण छापील डेटा-पुस्तकातूनच घ्यायचं आणि सुरुवात तिथल्या सगळ्यात कमी आकड्यापासून करायची. मित्राने सांगितलेला आकडा वापरायचा नाही.

काट्याइतकाच प्रकाशही महत्त्वाचा आहे. पुंगळ्यांच्या ट्रेवर थेट एलईडी पट्टी लावा आणि गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोकावून पावडरची पातळी पाहा. पिस्तुलाच्या पुंगळीत दुप्पट पावडर सहज मावते आणि एकदा गोळी बसवली की ती बाहेरून कळत नाही. पावडर राहूनच गेली तर प्रायमरच्या जोराने गोळी नळीत अडकते आणि पुढच्या बाराला नळी फुटू शकते. एका ट्रेमधल्या ५० पुंगळ्यांवर एक नजर फिरवायला फार तर मिनिट लागतं.

प्रश्न: बेसमेंटमध्ये टेबल लावलं आहे. घरात पाच आणि आठ वर्षांची मुलं आहेत. पावडर आणि प्रायमर कुठे ठेवावेत? लोखंडी तिजोरी चालेल का?
– एक वाचक, डेट्रॉइट

उत्तर: तिजोरी नको. बिनधुराची पावडर मोकळ्यावर पेटली तर भडकते, पण घट्ट बंद लोखंडात पेटली तर गॅसला वाट मिळत नाही आणि स्फोट होतो. कुलूप लावलेलं लाकडी कपाट घ्या, त्याचे सांधे दाबाखाली सुटू शकतात. पावडर कंपनीच्या मूळ डब्यातच ठेवायची. एनएफपीए ४९५ या अग्निसुरक्षा मानकानुसार घरात २० पौंडांपर्यंत पावडर मूळ डब्यांत ठेवता येते. २० ते ५० पौंडांसाठी किमान एक इंच जाडीच्या लाकडी भिंतींची पेटी लागते. प्रायमरची मर्यादा १०,००० आहे. शहराचा नियम याहून कडक असू शकतो, तो स्थानिक फायर मार्शलकडून विचारून घ्या. प्रायमर वेगळ्या कपाटात आणि कंपनीच्याच ट्रेमध्ये ठेवा. ते बरणीत एकत्र ओतून ठेवणं फार धोक्याचं आहे, एक पेटला की सगळे पेटतात.

बेसमेंटमध्ये गॅसचा वॉटर हीटर किंवा ड्रायर असतो. टेबल आणि कपाट त्या आगीपासून लांबच्या भिंतीला हवं. दमट हवेने पावडर खराब होते, तेव्हा डीह्युमिडिफायर चालू ठेवा.

टेबलावर एका वेळी पावडरचा एकच डबा. काम संपलं की मापाच्या नळकांड्यातली पावडर त्याच डब्यात परत. रात्रभर राहिली तर काही पावडरींनी प्लॅस्टिक डागाळतं, पण खरा धोका वेगळाच आहे: दुसऱ्या दिवशी ती कोणती होती हे आठवत नाही. लेबल नसलेली पावडर टाकून द्या, अंदाजाने वापरू नका. खाली गालिचा असेल तर काढा. सांडलेली पावडर किंवा प्रायमर व्हॅक्युमने कधीही ओढू नका, मोटरच्या ठिणगीने ते पेटतात. झाडू आणि सुपली घ्या. प्रायमर बसवताना डोळ्यांवर चष्मा असू द्या.

मुलांच्या दृष्टीने सगळ्यात दुर्लक्षित राहतं ते शिसं. वापरलेल्या प्रायमरच्या काजळीत शिसं असतं आणि कोरड्या टम्बलरमध्ये (घुसळून साफ करणाऱ्या यंत्रात) पुंगळ्या साफ करताना ते धुळीत उडतं. टम्बलर घराबाहेर चालवा, नाहीतर पाण्यातला टम्बलर घ्या आणि ते पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. टेबलाशी चहासुद्धा नको. काम झालं की साबणाने हात धुवा, कपडे बदला, मगच मुलांना जवळ घ्या.

प्रश्न: मी एच-१बी व्हिसावर आहे. बंदूक नाही, पण मित्रासाठी रीलोडिंग करून द्यायची इच्छा आहे. पुढे पुण्याला परतलो तर हेच टेबल तिथे लावता येईल का?
– एक वाचक, सिएटल

उत्तर: दोन्ही बाबतींत थांबा. अमेरिकी संघीय कायद्याने नॉन-इमिग्रंट (तात्पुरत्या मुक्कामाच्या) व्हिसाधारकाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला मनाई आहे, आणि एच-१बी, एच-४ हे व्हिसा त्यातच येतात. राज्याचा वैध शिकार परवाना असणं यांसारखे मोजके अपवाद आहेत. महत्त्वाची गोष्ट ही की त्या कायद्यात दारूगोळा म्हणजे फक्त तयार काडतूस नव्हे. पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सुटे भागही त्यात धरलेले आहेत. म्हणजे टेबलावर नुसते प्रायमर असले तरी प्रश्न उभा राहतो, आणि त्याचे परिणाम व्हिसापर्यंत जाऊ शकतात. अपवाद तुम्हाला लागू होतो असं वाटत असेल तर वकिलाला विचारूनच पाऊल उचला. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई नाही, आणि स्वतःच्या वापरापुरत्या रीलोडिंगला संघीय परवाना लागत नाही. विकण्यासाठी बनवायचं असेल तर मात्र लागतो.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा बनवायला परवाना हवा. त्या कायद्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही येतात, त्यामुळे प्रेस किंवा डाय सामानात घालून आणू नका. बंदुकीचा परवाना असला तरी त्याने घरी काडतूस भरायची मुभा मिळत नाही. सुट्टीवर येतानाही नेमबाजीच्या रेंजला नेलेली बॅग प्रवासाला वापरू नका. अस्तरात किंवा बाजूच्या खिशात राहिलेलं एखादं काडतूस विमानतळाच्या स्कॅनरला लगेच दिसतं, आणि मग विमान सोडून पोलिस ठाण्यात बसावं लागतं.