बर्गंडीच्या वाईनचा अभ्यास नेमका कुठून सुरू करावा?

तुम्ही लिहिलंय की नाशिकजवळच्या एका वायनरीत पाहुण्यांना टेस्टिंग देता, प्राथमिक कोर्स झालाय आणि आता फ्रान्सचा बर्गंडी प्रदेश नीट शिकायचाय. पण पुस्तक उघडलं की गावांच्या आणि शेतांच्या नावांनीच डोकं गरगरतं. मलाही तसंच व्हायचं. माझं घर निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराचं, आणि नंतर बोन गावाजवळ एका छोट्या उत्पादकाकडे मी एक हंगाम काढणीला होतो. त्या अनुभवावरून सांगतो: सुरुवात नकाशापासून करा.

द्राक्षाच्या जातींना पाच मिनिटं पुरतात. लाल वाईन म्हणजे बहुतेक पिनो न्वार, पांढरी म्हणजे बहुतेक शार्दोने. थोडी अलिगोते, थोडी गामे. गामे भरपूर पिकते म्हणून शेतकऱ्यांना आवडायची, पण १३९५ मध्ये बर्गंडीचा सत्ताधारी ड्यूक फिलिप याने हुकूम काढून ती वेल उपटायला लावली. थोडक्यात, दर्जासाठी पिकाचं प्रमाण सोडायचं हा वाद तिथे सहाशे वर्षांहून जुना आहे. जातींबद्दल सुरुवातीला एवढं पुरे.

खरा अभ्यास जमिनीचा. तिथे शेताच्या तुकड्याला 'क्लिमा' म्हणतात. शब्द हवामानासारखा वाटला तरी अर्थ आहे ठरलेल्या हद्दीचा, पिढ्यान्‌पिढ्या त्याच नावाने ओळखला जाणारा तुकडा. आपल्याकडे घरात 'माळाचं', 'ओढ्याचं', 'चिंचेचं' म्हटलं की कुठलं शेत ते सगळ्यांना कळतं ना, अगदी तसंच. मर्सो गावातल्या 'पेरिएर'चा अर्थ दगडाच्या खाणी, 'जनव्रिएर' म्हणजे जुनिपरच्या झुडपांची जागा. अशा १२४७ क्लिमांना २०१५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. नावांचे अर्थ शोधत गेलात की पाठांतर आपोआप सुटतं.

आता नकाशावर दिजाँ शहर शोधा आणि तिथून दक्षिणेला या. साधारण पन्नास किलोमीटर लांबीचा, पूर्वेकडे तोंड असलेला एक चिंचोळा उतार दिसेल. तो कोत द'ओर. उत्तरेचा भाग कोत द न्वी, तिथे लालचं राज्य. दक्षिणेचा कोत द बोन, तिथल्या पांढऱ्या वाईन जगप्रसिद्ध. उताराच्या माथ्यावर माती पातळ, पायथ्याशी जड आणि ओलसर. मधल्या पट्ट्यात पाण्याचा निचरा चांगला आणि सकाळचं ऊन सरळ, म्हणून सर्वोच्च दर्जाची, म्हणजे ग्रां क्रू शेतं बहुतेक मध्यावर. पायथ्याचा मोठा रस्ता ओलांडून सपाटीवर गेलं की दर्जा उतरतो.

तुम्ही नाशिकच्या, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. आपल्याकडे जमिनीत चुनखडी निघाली की बागायतदाराच्या पोटात गोळा येतो, कारण लोह मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. बर्गंडीचा सगळा नावलौकिक चुनखडीच्या दगडावर आणि चिकणमातीवर उभा आहे. पिवळेपणाची अडचण त्यांनाही आली. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा किडीने मुळं खाल्ली, मग ती कीड सोसणाऱ्या अमेरिकी वेलींच्या खुंटावर कलमं करावी लागली, आणि त्यातले बरेच खुंट चुनखडी सोसेनात. ती सोसणारे खुंट शोधावे लागले. आपण डॉगरिज या खुंटावर कलम करतो त्यामागचं शास्त्र त्याच घराण्यातलं, हे मला तिथे वेलीपाशी बसल्यावर उमगलं.

तिथली वेल जेमतेम कमरेएवढी. हेक्टरी सुमारे दहा हजार वेली, ठिबक नाही, सगळं पावसावर. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात वेल झोपलेली असताना. आपल्यासारखी खरड छाटणी आणि गोडी छाटणी असा दुहेरी प्रकार नाही. पिनो न्वारचा पहिला घड मी तोडला तेव्हा तो माझ्या तळहातात मावला. मणी इतके घट्ट चिकटलेले की बोट शिरत नव्हतं. घरी मी दोन हातांत धरावे लागणारे, विरळणी केलेले घड बघत वाढलो. या छोट्या घडाची जाड साल आणि कमी रस याच कामाच्या असतील, असं वाटून मी एक मणी चावला. साल पातळच निघाली. पिनोची वाईन रंगाला फिकट का, याचं उत्तर जिभेवर मिळालं.

जमिनीचा फरक पायाखाली कळला तो पोमार आणि व्होल्ने या दोन शेजारच्या गावांत. पाऊस पडून गेला होता. पोमारच्या खालच्या भागात बुटाला चिकणमातीचे गोळे लागले. व्होल्नेत वरच्या अंगाला बूट बरेच कोरडे, पायाखाली दगड खडखडत होते. संध्याकाळी एकाच उत्पादकाच्या दोन्ही गावांच्या, एकाच सालच्या वाईन समोर आल्या. द्राक्ष एकच, हात एकच. तरी पोमार भरदार आणि तुरट, व्होल्ने हलकी, सुगंधी. हा प्रयोग तुम्ही जरूर करा. आपल्याकडे या बाटल्या महाग पडतात, म्हणून चार-पाच जणांत वाटून घ्या. पण उत्पादक आणि साल एकच ठेवा, नाहीतर फरक कशाचा ते कळणार नाही.

लेबलात नवशिक्याची फसगत हमखास होते. 'शांबर्तँ' हे ग्रां क्रू शेत, आणि 'जव्रे-शांबर्तँ' हे गाव. जव्रे गावाने १८४७ मध्ये आपल्या सर्वांत नामांकित शेताचं नाव स्वतःला जोडून घेतलं, मग इतर गावांनीही तेच केलं. दर्जाच्या पायऱ्या चार, खालून वर: प्रादेशिक, गावाची, प्रमिए क्रू आणि ग्रां क्रू. कोत द'ओरमध्ये ग्रां क्रूच्या लेबलावर फक्त शेताचं नाव असतं, गावाचं नाही.

आणि मालकाचं नाव कधी सोडू नका. क्लो द वूजोचं उदाहरण घ्या. सितोच्या मठातल्या साधूंनी भिंत घालून राखलेलं सुमारे पन्नास हेक्टरचं शेत. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या जमिनी जप्त होऊन विकल्या गेल्या, आणि नेपोलियनच्या कायद्याने सगळ्या मुलांना सारखा वाटा मिळू लागला. आज त्या एका भिंतीच्या आत ऐंशीच्या आसपास मालक आहेत. सातबाऱ्यावरच्या खातेदारांची लांब यादी आणि पोटहिस्से पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वरच्या अंगाचा तुकडा निचऱ्याचा, खालचा रस्त्याला लागून जड मातीचा. लेबलावर मात्र दोघेही ग्रां क्रू. म्हणून कुणाची, आणि शेताच्या कुठल्या अंगाची, हे विचारायचंच.

तिथे जायचं जमलं तर बोनमध्ये मुक्काम करा. दिजाँहून रेल्वेने अर्ध्या तासाच्या आत पोचता. तिथून सांतनेपर्यंत द्राक्षमळ्यांतून सायकलचा रस्ता जातो. पोमार, व्होल्ने, मर्सो, प्युलिन्यी सगळी त्याच वाटेवर. शक्यतो काढणीच्या ऐन धांदलीत जाऊ नका, तेव्हा कुणाला बोलायला वेळ नसतो. मे-जूनमध्ये फुलोरा असतो, शेतकरी बागेतच सापडतो. आपणही द्राक्षवाले आहोत हे सांगितलंत की तो कात्री खिशात घालून गप्पांना उभा राहतो, निदान माझ्याशी तरी तसे उभे राहिले.