होमस्टेच्या खोलीत कोणता सुगंध ठेवला म्हणजे पाहुण्यांना खोली स्वच्छ वाटते?

कोणताच नाही. आधी वास घालवा, सुगंधाचं नंतर बघू.

तुम्ही लॅव्हेंडर, लेमनग्रास की मोगरा असं विचारलंय आणि खाली "दार उघडताच इंप्रेशन पडलं पाहिजे" असं लिहिलंय. हे वाक्य मी माझ्या दिरांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

छत्रपती संभाजीनगरला सिडकोत आमचं घर आहे. वरच्या खोल्या पाहुण्यांना देतो. वेरूळ-अजिंठा बघायला आलेले, घृष्णेश्वराला आलेले, लग्नसराईत वऱ्हाडी. भाऊजी पुण्याला असतात. अ‍ॅपवरचे फोटो, भाव, पाहुण्यांशी बोलणं, सगळं त्यांच्याकडं. झाडूपोछा, चादरी, मोरी, कूलर माझ्याकडं. मागं एका मे महिन्यात त्यांनी पुण्याहून ते भिंतीवर लावायचं, आपोआप फवारणारं मशीन पाठवलं. मोगरा. थोड्या थोड्या वेळानं फुस्स. मी फोनवर म्हटलं, भाऊजी, वरच्या मोरीतून वास येतोय, नळवाला बोलवून जुने ट्रॅप बदलू, निम्मे पैसे तुम्ही टाका. तर म्हणाले, "वहिनी, पाहुणा मोरी बघायला येत नाही. तुम्हाला प्रेझेंटेशन कळत नाही."

त्याच आठवड्यात नागपूरचं एक कुटुंब आलं. खोली मी स्वतः पुसली होती, पलंग सरकवून, खिडकीच्या खाचांतली धूळ जुन्या टूथब्रशनं काढून. त्यांच्यासोबत सत्तरीच्या आजी होत्या. उंबऱ्यातच थबकल्या. हातातली पिशवी खाली ठेवली नाही. तशाच पुढं होऊन त्यांनी उशी उचलली आणि अभ्र्याला नाक लावलं. मग गादीचा कोपरा वर करून बघितला. मग गुडघ्यावर हात ठेवून पलंगाखाली वाकल्या. तेवढ्यात वरून फुस्स झालं. आजींनी आधी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि हळूच विचारलं, "काय हो ताई, इथं काही मेलं-बिलं होतं का?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण खरं सांगते, त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच विचारलं असतं.

मेलं काही नव्हतं. मोरीच्या जाळीखालचा नहाणी ट्रॅप कोरडा पडला होता. त्यात दोन-अडीच बोटं पाणी साचून राहतं ना, तेवढंच पाणी गटाराचा वास अडवून धरतं. आमच्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, पाहुणे कमी, खोली आठ-पंधरा दिवस बंद. ते पाणी उडून जातं आणि गटार थेट खोलीत श्वास सोडायला लागतं. त्यात जायकवाडी धरणाचा नाथसागर काठोकाठ भरला तरी या शहरात नळाला रोज पाणी नाही. जिथं भांड्यांचं पाणी कुंड्यांना घालतात तिथं रिकाम्या खोलीच्या मोरीत पाणी ओतायचं कुणाच्या मनात येईल? आमचे जुने ट्रॅप होतेच उथळ, म्हणून माझा नळवाल्याचा धोशा होता.

त्या नागपूरच्या कुटुंबानं रिव्ह्यूमध्ये स्वच्छतेला 5 पैकी 3 दिले आणि लिहिलं, "खोली चकाचक दिसते पण सेंट मारून काहीतरी झाकलंय असं वाटलं." धुळीचा एक कण त्यांना सापडला नव्हता. तरी 3. आणि यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. डोळ्यांना सगळं स्वच्छ दिसलं तरी नाकाला शंका आली की माणूस पुरावा शोधायला लागतो, आणि शोधायला लागलेल्या माणसाला काही ना काही सापडतंच. एरवी ज्या केसाकडं कुणी बघितलं नसतं तो केस मग फोटो काढून अ‍ॅपवर जातो. दाट सुगंध ही शंका घालवत नाही, उलट आणतो. एसटी स्टँडवरच्या शौचालयात फिनेल का ओततात हे या राज्यात कोणाला सांगावं लागत नाही. माझ्या सासूबाईंना काळ्या फिनेलचा वास आला की घर निर्मळ झालं असं वाटायचं. आता तिशीतल्या पाहुण्यांना त्याच वासानं सरकारी दवाखाना आठवतो. तेव्हा "स्वच्छतेचा वास" म्हणून सगळ्यांना चालेल असं बाटलीत काही मिळत नाही.

भाऊजी हरणारे नव्हेत. त्यांनी मला नेदरलँड्समधल्या 2005 सालच्या एका प्रयोगाबद्दल पाठवलं. लिंबूवर्गी वासाच्या क्लीनरचा वास येत असलेल्या खोलीत लोकांना आधी बसवलं आणि मग चुरा पडणारं बिस्किट खायला दिलं, तर त्यांनी टेबलावरचा चुरा इतरांपेक्षा जास्त आवरला. "बघा वहिनी, वासाचा परिणाम असतो!" असतो ना. पण त्या प्रयोगात वास आल्यावर माणसं स्वतः आवरायला लागली. खोलीवाल्याला त्यांनी जास्त गुण दिले असं त्यात कुठं आहे? शिवाय तो वास फरशी पुसायच्या क्लीनरचा होता, मोगऱ्याचा नव्हता. म्हणजे दाखला माझ्याच बाजूचा.

आता तुमच्या खोलीचं. मोरी सांगितली. खोली रिकामी असेल तर दर तीन-चार दिवसांनी प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता, बेसिनमध्येही. जास्त दिवस बंद राहणार असेल तर वरून चमचाभर गोडेतेल सोडा, पाणी लवकर उडत नाही. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद, त्यामुळं आमच्याकडं आठवड्याची सुरुवात तशीही सुनीच असते. पाणी ओतायचं तेव्हाच उरकते.

दुसरा गुन्हेगार कूलर. टाकीत पाणी शिळं झालं की चालू केल्या केल्या जो माशासारखा भपकारा येतो त्याला कुठलाही स्प्रे पुरा पडत नाही. पाहुणा गेला की टाकी रिकामी करून पुसून घ्या आणि पंखा कोरडाच थोडा वेळ चालवा, म्हणजे गवत वाळतं. दर उन्हाळ्याला गवत बदला. परवडलं तर वाळ्याचे पडदे लावा. सुगंध हवाच असेल तर हा एक सुगंध मला मान्य आहे, कारण तो कशावर पांघरूण घालायला आणलेला नसतो.

तिसरं म्हणजे टॉवेल. मशीनमधून काढून घरात दोरीवर टाकू नका, गच्चीवर कडक उन्हात टाका. ओले टॉवेल उन्हात वाळले की त्यांत अल्डिहाइड जातीची संयुगं तयार होतात आणि तो ताजा वास त्यांचा असतो, असं 2020 साली संशोधकांनी मोजून छापलंय. आपल्या आया-आज्यांनी न मोजताच वापरलंय. ऊन ही एकच गोष्ट मराठवाड्यात फुकट आणि भरपूर आहे.

आणि स्वतःच्या नाकावर विसंबू नका. घरातल्या माणसाच्या नाकाला घरचा वास लागतच नाही. थोड्या वेळात नाक त्याला सरावतं. मी समोरच्या काकूंना वर बोलावते आणि दारातच विचारते, काय येतंय? काकू तोंडाच्या फटकळ आहेत, त्याचा इथं फायदा होतो.

एवढं सगळं करून झाल्यावरही बाटली हवीच असेल तर लेमनग्रास घ्या, फरशीच्या पाण्यात दोन-चार थेंब, पाहुणे यायच्या तास-दोन तास आधी, खिडक्या उघड्या ठेवून. लॅव्हेंडर आपल्याकडं निम्म्या लोकांना साबणासारखा वाटतो. मोगऱ्याबद्दल माझं मत कलुषित आहे हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. दम्याच्या माणसाला कुठलाही फवारा त्रास देऊ शकतो, म्हणून बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. देवदर्शनाला आलेल्या वयस्कर मंडळींना उदबत्ती आवडते, पण ती त्यांची त्यांना लावू द्या, आपण आधीच लावून ठेवू नका. कपाटात डांबर गोळ्या ठेवू नका. वास तर कपड्यांना चिकटतोच, आणि ज्यांना जी6पीडीची (रक्तपेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता आहे अशा तान्ह्या मुलांच्या रक्तपेशी त्यानं फुटू शकतात. वास जात नाही म्हणून मोरीत ब्लीचिंग पावडर आणि फरशीचं अ‍ॅसिड एकत्र तर कधीच ओतू नका, क्लोरीन वायू तयार होतो. आणि पावसाळ्यात भिंतीला ओल असेल तर वरचं काहीही उपयोगाचं नाही, आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करा.

आमचे ट्रॅप शेवटी मीच बदलून घेतले. त्यानंतर स्वच्छतेवरून तक्रार आलेली नाही. भाऊजी म्हणतात, तो मोगऱ्याचा परिणाम. मशीन कधीच काढून ठेवलंय हे त्यांना माहीत नाही, आता कळेल. नळवाल्याचे निम्मे पैसेही अजून यायचेत.