टेबलावर नणंद-भावजय नसते

मागच्या अंकातल्या लेखात मी ओघात लिहिलं होतं, की दर जानेवारीत आम्ही आठजण नाशिकहून गोव्याला जातो आणि एक दिवस पणजीत मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर पोकरची छोटी स्पर्धा खेळतो. मी, माझे यजमान, माझी नणंद आणि तिचे यजमान, शाळेतल्या दोन मैत्रिणी आणि एक डॉक्टर जोडपं. एकतीस वर्षं मी गणित शिकवलं, त्यामुळे पत्त्यांतलं गणित मला आवडतं, एवढंच त्यात लिहिलं होतं. त्यावर बरीच पत्रं आली. रागावलेलीही आली, आणि तो राग मला समजतो. जुगारानं घर बसलेलं मी जवळून पाहिलंय. तरी ज्यांनी खरोखर काही विचारलंय, त्यांना नीट उत्तर द्यायला हवं.

प्रश्न : ताई, आम्ही सांगलीचे सात मित्र, सगळे पन्नाशीतले. दर दिवाळीला तीन पत्ती खेळतो. येत्या फेब्रुवारीत गोव्याला पोकरच्या हौशी स्पर्धेत उतरायचं ठरलंय. पण आमच्यात दोन तट पडलेत. काहीजण म्हणतात, एका टेबलावर आलो तर एकमेकांना मारायचं नाही, आधी बाहेरच्यांना काढायचं आणि बक्षीस सातांत वाटून घ्यायचं. बाकीच्यांना हे पटत नाही. तुम्ही काय करता?

उत्तर : ज्यांना पटत नाही, त्यांचं ऐका. माझ्या हातून हीच चूक झालेली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं दुसरं वर्ष होतं. स्पर्धेत पन्नासच्या आसपास माणसं होती आणि बक्षिसं आठ. चौदाजण उरले तेव्हा सात-सात जणांची दोन टेबलं झाली. माझ्या टेबलावर माझी नणंद आली, तीही माझ्या उजव्या हाताला. तिच्याकडे जेमतेम सहा हजारांच्या चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या चकत्या, राहिल्या होत्या. एका डावात आम्ही दोघीच उरलो. पोकरमध्ये हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच उघडे, त्यांतून पाचांचा हात करायचा. टेबलावर बदाम राजा, बदाम नव्वी, किलवर चौकी आणि बदाम दुर्री उघडली होती. शेवटचा पत्ता आला इस्पिक गुलाम. माझ्या हातात बदाम एक्का आणि बदाम छक्की. म्हणजे पाच बदाम, वर एक्का. त्या डावात माझ्यावर मात करणारा हात कुणाकडे असूच शकत नव्हता. नणंदेनं ‘चेक’, म्हणजे काही लावत नाही, म्हणत टेबलावर बोट टेकवलं. आता बोलायची पाळी माझी, आणि ती शेवटची. मी तिच्या हाताकडे पाहिलं. उरलेल्या चिप्सवर तिनं तळवा ठेवला होता, लहान मूल खाऊवर ठेवतं तसा. मीही ‘चेक’ म्हटलं.

पत्ते उघडले. पत्ते वाटणाऱ्या डीलर मुलीनं माझे दोन बदाम पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि हात वर करून फ्लोअरच्या, म्हणजे स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या, माणसाला बोलावलं. त्यानं शांतपणे विचारलं, “मॅडम, तुम्ही दोघी एकत्र आलात का?” मी हो म्हटलं. मला एक फेरी टेबलापासून लांब उभं राहायची शिक्षा झाली. त्या फेरीत माझे ब्लाइंड, म्हणजे पाळी आली की टाकावीच लागणारी रक्कम, कापले जात होते आणि मी खांबाजवळ उभी राहून बघत होते. पण त्याहून जास्त लागलं ते समोर बसलेल्या बंगळूरच्या एका तरुणाचं बोलणं. त्याच्याकडेही थोड्याच चिप्स होत्या. तो हिंदीत म्हणाला, “आंटी, आज त्या बाहेर गेल्या असत्या तर मी एक पायरी वर गेलो असतो.” आवाज चढवला नाही त्यानं. पण त्याचं म्हणणं खरं होतं. मी नणंदेवर दया केली ती त्याच्या खिशातून. त्यानंही माझ्याइतकीच प्रवेश फी भरली होती.

जिंकणारा हात असूनही ओळखीच्या माणसावर काही न लावणं, या वागण्याला तिथे ‘सॉफ्ट प्ले’ म्हणतात आणि ती फसवणूकच धरली जाते. 2001 साली लास व्हेगासमध्ये पोकर स्पर्धा चालवणाऱ्यांची संघटना सुरू झाली. तिचे नियम आज बहुतेक ठिकाणी पाळले जातात. ‘एका डावाला एकच खेळाडू’ हा त्यांतला पाया. जो तो आपल्यापुरता खेळतो. म्हणून टेबल आणि खुर्चीसुद्धा चिठ्ठीवर मिळते, शेजारी बसू का असं विचारायची सोय नाही. डाव चालू असताना मराठीत बोलायचं नाही, हेही आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवा. आपण सहज “काय गं, चहा घेतलास का?” म्हणतो, पण समोरच्याला काय कळणार, चहा म्हणजे चहाच की आणखी काही? डीलर लगेच टोकतो, आणि टोकायलाच हवं. बाहेर पडल्यावर मित्राच्या पाठीशी उभं राहून त्याचे पत्ते बघणंही तसंच.

त्या रात्री जेवताना आमच्या आठजणांचं ठरलं, की टेबलावर नणंद-भावजय नाही, नवरा-बायको नाही, वर्षानुवर्षांची मैत्री नाही. पुढच्या वर्षी नणंदेनंच मला बाहेर काढलं, अठ्ठ्यांच्या जोडीवर. उठताना मी तिच्याशी हात मिळवला. डोळ्यांत पाणी तिच्याच आलं.

आता वाटणीचं. स्पर्धा सुरू होण्याआधी दोघांनी एकमेकांच्या बक्षिसात दहा-दहा टक्के ठेवणं, हे खेळणाऱ्यांत चालतं. पण सातजण सारख्या वाट्याचे मालक झालात, की एकमेकांविरुद्ध जीव तोडून खेळायचं कारणच संपतं. तुम्ही प्रामाणिक असलात तरी बाकीच्यांनी तुमच्यावर विश्वास का ठेवावा? शिवाय त्यात कराची मेख आहे. बक्षीस दहा हजारांच्या वर गेलं की 30 टक्के टीडीएस कापूनच पैसे मिळतात, तोही ज्याचं नाव लागलं त्याच्या पॅनवर. समजा 60,000 चं बक्षीस लागलं. 18,000 कापले, हातात 42,000 आले. तुम्ही मित्राला ‘अर्धे’ कबूल केले होते आणि त्यानं 60 चे अर्धे धरले, तर 30,000 त्याचे, आणि दिवसभर पाठ मोडून खेळलेल्या तुम्हाला 12,000. असल्या हिशेबावरून दोन भाऊ वर्षभर अबोला धरून बसलेले मला माहीत आहेत. हरलेले पैसे किंवा प्रवेश फी या बक्षिसातून वजा करून कर भरता येत नाही, हेही ध्यानात असू द्या. आमच्याकडे वाटणी नाही. ज्याला बक्षीस, त्यानं सगळ्यांना सुरमईचं जेवण घालायचं, बस्स.

तीन पत्ती खेळणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. ‘ब्लाइंड’ या शब्दावर नवी माणसं हमखास गोंधळतात. तीन पत्तीत न बघता लावली ती ब्लाइंड चाल, आपल्या मर्जीची. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी पाळीपाळीनं दोघांनी टाकायचीच रक्कम, एक लहान, एक मोठी. आणि स्पर्धेत ती घड्याळावर वाढत जाते. आम्ही खेळतो तिथे 20,000 च्या चिप्स मिळतात, ब्लाइंड 100-200 पासून सुरू होतात आणि दर वीस मिनिटांनी चढतात. म्हणजे सुरुवातीला हातात शंभर मोठे ब्लाइंड. तीनएक तासांनी ब्लाइंड 1,000-2,000 ला पोचतात. तुम्ही काही न हरता निवांत बसून राहिलात तरी त्याच 20,000 चे आता दहाच ब्लाइंड उरले. आमच्या डॉक्टरांना पहिल्या वर्षी हे कळलंच नाही. ते चांगल्या पत्त्यांची वाट बघत राहिले. दोन एक्के हातात येण्याचा योग 221 डावांत एकदा. वाट बघण्यात त्यांच्या चिप्स आटून गेल्या. दहा ब्लाइंडच्या खाली आलात की सरळ दोनच वाटा धरा, सगळं लावा नाहीतर पत्ते टाका. थोडं लावून बघू, ही सवय तिथे महाग पडते.

प्रश्न : माझे यजमान ऑफिसच्या ग्रुपबरोबर अशाच स्पर्धेला चाललेत. ते म्हणतात, स्पर्धेत फी भरली तेवढंच जातं, जास्त नुकसान होऊच शकत नाही. हे खरं आहे का? मला रात्र रात्र झोप नाही. (ठाणे)

उत्तर : अर्धं खरं आहे. रोख पैशांच्या टेबलावर चिप म्हणजे पैसा, आणि खिशात हात घालत राहिलं तर तळ लागेपर्यंत जातो. स्पर्धेत चिप्स फक्त मोजणीपुरत्या असतात, त्यांचे परत पैसे होत नाहीत, म्हणून तोटा फीपुरता. पण पहिले काही तास बाद झालेल्यालाही पुन्हा फी भरून बसता येतं. ‘फीच तर आहे’ असं म्हणत तिसऱ्यांदा भरलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे त्यांना विचारा, एकदाच का दोनदा? आकडा जायच्या आधी ठरू दे, तुमच्यासमोर.

खरा धोका मात्र दुसरीकडे आहे, आणि ग्रुपनं जाणारे त्याचा विचारच करत नाहीत. दहाजण बसले की त्यातले दोघं-तिघं पहिल्या तासातच बाहेर पडणार. कुणाचा दोष नसतो. दोन एक्के घेऊन दोन राजांशी सगळं लावलं तरी साधारण पाचांतून एकदा राजे जिंकतात. आता हा माणूस बोटीवर आहे, भोवती नदी, मित्र अजून चार तास खेळणार, आणि पाच पावलांवर रुलेटचं जुगाराचं चाक फिरतंय. स्पर्धेत गेले त्याच्या कितीतरी पट पैसे तो तिथे घालवतो. आमच्याकडे म्हणून सक्तीचा नियम आहे : पहिला बाद झालेला आणि दुसरा बाद झालेला, दोघांनी मिळून ने-आण करणाऱ्या फीडर बोटीनं काठावर परतायचं. एकदा हा मान माझ्या यजमानांना आणि एका मैत्रिणीला मिळाला. दोघं पणजीतल्या फोंतेन्यास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांतून जुनी घरं बघत हिंडले, चर्चसमोरच्या पायऱ्यांवर बसले, आणि आम्ही रात्री परतलो तेव्हा आमच्यापेक्षा तेच खुशीत होते. फीचे पैसे रोख पाकिटात न्यायचे, बाकीची सगळी कार्डं हॉटेलच्या लॉकरमध्ये, आणि फोनमधलं पैसे पाठवायचं ॲप तेवढ्या दिवसापुरतं काढून टाकायचं. हे तुमच्या यजमानांच्या ग्रुपला सुचवून बघा. तसंच 22 सप्टेंबर 2025 पासून कॅसिनोवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्के झालाय, तेव्हा मित्रांनी सांगितलेल्या जुन्या आकड्यांवर खर्च धरू नका.

पण ताई, तुमची झोप उडाली आहे त्यामागे आणखी काही असेल, म्हणजे त्यांनी याआधी पत्त्यांसाठी उसने घेतले असतील, खोटं सांगितलं असेल, हरलेले भरून काढायला पुन्हा खेळले असतील, तर वरचं सगळं विसरा. त्यांनी जाऊ नये. या माणसाला कुठलाही नियम पुरत नाही. तुम्ही स्वतः 14416 या सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला फोन करा. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. बोलायला लाजू नका.

प्रश्न : मी 19 वर्षांचा आहे. मोबाइलवर पोकर शिकलो. मोठ्या चुलतभावांच्या ट्रिपमध्ये मलाही स्पर्धा खेळायची आहे. (सोलापूर)

उत्तर : तुला नाही खेळता येणार बाळा. तिथे 21 पूर्ण लागतात आणि ओळखपत्र बघूनच आत सोडतात. भावांना गळ घालू नकोस. मोबाइलवर पैसे लावून खेळायला तर 2025 च्या कायद्यानं देशभर बंदी आहे, कुणी लिंक पाठवली तरी हात लावू नकोस.

शिकायचं असेल तर घरी शीक. आम्ही अजूनही निघण्याआधी दोन रविवार माझ्या जेवणाच्या टेबलावर सराव करतो. चिंचोका म्हणजे शंभर, राजमा पाचशे, वाल हजार. पैसे अजिबात नाहीत. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर, वाजला की ब्लाइंड वाढले. चौघं जमवा आणि प्रत्येक डावानंतर पत्ते उघडून बोला, कुणी का लावलं, कुणी का टाकले. एक गणित देते, ते आधी स्वतः करून बघ. हातात दोन बदाम आहेत, पहिल्या तीन उघड्या पत्त्यांत आणखी दोन बदाम आले. तुला न दिसलेले पत्ते 47, त्यांत बदाम 9. अजून दोन पत्ते उघडायचे आहेत. त्यांत निदान एक बदाम येण्याची शक्यता किती? बदाम न येण्याची शक्यता आधी काढ, म्हणजे सोपं जाईल. उत्तर 35 टक्क्यांच्या जवळ आलं पाहिजे. नाही आलं तर रीत लिहून पाठव, कुठे चुकलं ते मी बघते.