एक्सेलच्या आलेखात अक्षावरचे आकडे आणि खुणांमधलं अंतर आपण कसं ठरवायचं?

तुमचा प्रश्न असा की, भावांचा आलेख काढला की उभ्या अक्षावर १८४०, १८६०, १८८० असे कुठलेतरी आकडे आपोआप येतात. ते बदलायचे कसे आणि बदलून ठेवायचे किती? ‘कसे’ला अर्धा मिनिट पुरतं. ‘किती’साठी मी फोनवर बोलणी खाल्ली आहेत.

अक्षावरच्या आकड्यांवर राइट क्लिक करून ‘फॉरमॅट अ‍ॅक्सिस’ घ्या. उजवीकडे पट्टी उघडेल. त्यात ‘बाउंड्स’खालचं ‘मिनिमम’ आणि ‘मॅक्सिमम’ म्हणजे अक्ष कुठून सुरू होऊन कुठे संपणार ते. ‘युनिट्स’मधलं ‘मेजर’ हे आकडे लिहिलेल्या मोठ्या खुणांमधलं अंतर, ‘मायनर’ हे मधल्या बारक्या खुणांचं. अंतर भरूनही खुणा दिसल्या नाहीत तर खाली ‘टिक मार्क्स’मध्ये बहुतेक ‘नन’ असेल, तिथे ‘आउटसाइड’ करा. गूगल शीट्समध्ये हेच ‘कस्टमाइझ’मध्ये मिळतं, खुणांचं अंतर ‘ग्रिडलाइन्स अँड टिक्स’खाली. लिबर ऑफिसमध्ये अक्षावर डबल क्लिक करून ‘स्केल’ टॅब. तिथे आधी ‘ऑटोमॅटिक’ची बरोबरची खूण काढावी लागते, नाहीतर चौकट लिहूच देत नाही.

आता फोनची गोष्ट. मी रावेर तालुक्यातला. आमच्या केळीवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवड्याचे भाव टाकायचं काम माझ्याकडे आहे. एका आठवड्यात सोमवारी क्विंटलला २००० होता, उतरत उतरत शुक्रवारी १९००. मी स्तंभालेख काढला, नीट न बघता टाकून दिला. दहा मिनिटांत सावद्याच्या एका काकांचा फोन. “काय भो, केळी मातीत गेली का? आठवड्यात भाव निम्म्याच्या खाली?” मी म्हटलं, काका, शंभर रुपये उतरलाय फक्त. ते म्हणाले, “मंग चित्र असं काऊन?”

चित्र उघडून पाहिलं तर त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. अक्ष १८४० पासून सुरू झालेला. म्हणजे सोमवारचा स्तंभ १६० रुपये उंच आणि शुक्रवारचा ६०. भाव उतरला पाच टक्के, स्तंभ उतरला साठ टक्क्यांहून जास्त. शेतात उभा माणूस उन्हात मोबाइल धरून बारीक आकडे वाचत नाही, उंची बघतो.

एक्सेल असं का करतं, तर त्याचा एक ठरलेला हिशेब आहे. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या सहाव्या हिश्शापेक्षा जास्त असेल, तर ते शून्यापासून सुरुवात करतं. फरक त्याहून कमी असला की शून्य सोडून वरूनच सुरू होतं. आपल्या २०००चा सहावा हिस्सा झाला ३३३, आणि फरक फक्त १००. म्हणून शून्य गेलं. आकडे केळीचे आहेत की तापमानाचे, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

म्हणून स्तंभ काढायचे असतील तर मिनिमममध्ये हाताने ० लिहा. स्तंभात उंचीच बोलते, तो बुडातून कापला की खोटं बोलतो. मी आता ० ते २५०० घेतो, मेजर ५००, मायनर १००. चढउतार जवळून दाखवायचाच असेल तर स्तंभ सोडून रेषालेख घेतो. रेषेत नजर चढउतारावर असते, तिला जमीन लागत नाही.

उलट काही ठिकाणी शून्यच घातक. हतनूर धरणाची पातळी घ्या. ती समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये मोजतात, पूर्ण भरलं की २१४ मीटर. शून्यापासून अक्ष घेतला तर अख्ख्या वर्षाची रेघ वर छताला चिकटून सरळ जाते. तापीला पूर आला काय अन् उन्हाळ्यात तळ उघडा पडला काय, दिसणार काहीच नाही. तिथे मी २०८ ते २१५ घेतो, मेजर १, मायनर ०.५. वरची हद्द मुद्दाम २१४ ठेवत नाही. २१४ची रेघ आत दिसली पाहिजे, म्हणजे पाणी तिच्या किती खाली आहे ते कळतं.

अंतर किती घ्यायचं, याला शाळेतला आलेख कागद आठवा. ‘प्रमाण : १ सेमी = १० एकक’ असं कोपऱ्यात लिहायचो. मी एकदा १ सेमी = ७ घेतलं होतं. सरांनी वही समोर धरून विचारलं, “आता पंचवीसचं टिंब कुठे देशील ते दाखव.” एका सेंटिमीटरात दहा बारीक घरं, प्रत्येक घर ०.७ चं. मी घरं मोजतच राहिलो. तेच इथे. अक्षाच्या सगळ्यात वरच्या आणि खालच्या आकड्यातला फरक काढा, त्याला पाचाने भागा, आणि जे येईल ते १, २, ५ किंवा त्यांच्या दहापटी-शंभरपटीतल्या जवळच्या आकड्यावर न्या. भागून ४३० आलं तर ५००, १७ आलं तर २०. मोठ्या खुणा पाच ते आठ पुष्कळ झाल्या. बारक्या खुणा अशा घ्या की मोठ्या अंतराचे सरळ भाग पडतील. ५०० मध्ये १०० बसतात, १५० बसत नाहीत.

आडव्या अक्षावर तारखा असल्या तर मात्र आणखी एक खड्डा आहे, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त आलेख तिथेच फसतात. पावसाळ्यात रोज नोंद, उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एक, अशी वही असली आणि अक्ष ‘टेक्स्ट अ‍ॅक्सिस’ राहिला, तर एक्सेल दोन्ही अंतरं सारखीच दाखवतं. पंधरा दिवसांत हळूहळू उतरलेलं पाणी एका दिवसात उतरल्यासारखं दिसतं. रेषालेखात ‘डेट अ‍ॅक्सिस’ निवडा आणि मेजरला १ महिना द्या. स्कॅटर आलेख घेतला असेल तर तिथे महिना चालत नाही, सगळं दिवसांत. आणि एक्सेल तारीख म्हणजे दिवसांची मोजणी धरतं, म्हणून १ जानेवारी २०२५ ही तारीख चौकटीत ४५६५८ अशी दिसते, घाबरू नका. पण मेजर ३० दिलं की खुणा १ जानेवारी, ३१ जानेवारी, २ मार्च अशा सरकत जातात आणि फेब्रुवारी गायब होतो.

भाचा जळगावात सराफाकडे कामाला आहे, त्याला सोन्याच्या भावाचा आलेख हवा होता. २००० साली दहा ग्रॅमला साडेचार हजारांच्या आतबाहेर, २०२५ मध्ये लाखाच्या वर. साध्या अक्षावर पहिली काही वर्षं जमिनीला चिकटून बसतात. तिथे रेषालेखातच ‘लॉगरिदमिक स्केल’वर टिक केली, म्हणजे दर खुणेला आकडा ठरलेल्या पटीने वाढतो; ती पट म्हणजे बेस, तो २ दिला, मिनिमम ४०००. खुणा आल्या ४०००, ८०००, १६०००, ३२०००, ६४००० आणि १,२८,०००. वरची प्रत्येक रेघ म्हणजे सोनं आणखी एकदा दुप्पट. या अक्षावर शून्याला जागा नाही, तेवढं लक्षात ठेवा. आणि शून्यं मोजून डोळे दुखले तर ‘डिस्प्ले युनिट्स’मध्ये १००००० निवडा, कोपऱ्यात जे लेबल येतं त्यावर क्लिक करून ‘लाख’ लिहिता येतं.

शेवटचं, हद्द हाताने लिहिली की शेजारी ‘रीसेट’ बटण येतं. ते दिसतंय याचा अर्थ अक्ष आता आपल्या शब्दाला बांधलेला आहे, नवे आकडे आले तरी हलणार नाही. भुसावळच्या तापमानाचा आलेख मी फेब्रुवारीत मांडला आणि मॅक्सिमम ४५ लिहून मोकळा झालो. मे आला, रेघ वरच्या काठातून बाहेर गेली आणि चार दिवसांनी परत आत आली. एक्सेलने चकार शब्द काढला नाही. आता तिथे ५० आहे.