बेरियम टायटॅनेटमध्ये (कपॅसिटरमधलं सिरॅमिक) लॅन्थॅनम थोडं घातलं तर रोध पडतो, जास्त घातलं तर चढतो, असं का?

तुम्ही लिहिलंय की ०.३ टक्के लॅन्थॅनमच्या पेलेटमधून (दाबून भाजलेल्या चकतीतून) करंट जातो, ४ टक्क्याचा मात्र पक्का इन्सुलेटर, वर त्याचं क्युरी तापमानही (ज्याच्या वर फेरोइलेक्ट्रिकपणा, म्हणजे आपोआप येणारं विद्युत ध्रुवीकरण, जातो) घसरलेलं. मग वजन करताना गफलत झाली का? नाही हो, असंच यायला हवं.

लॅन्थॅनमच्या आयनाची त्रिज्या १.३६ अँगस्ट्रॉम, बेरियमची १.६१, टायटॅनियमची जेमतेम ०.६. त्यामुळे तो बसतो बेरियमच्या जागी. पण बेरियमचे धनभार दोन, याचे तीन. मात्रा अगदी कमी असेल तर या जादा भाराचा हिशेब सुटे इलेक्ट्रॉन मिटवतात आणि रोध कोसळतो. मात्रा वाढली की चार लॅन्थॅनममागे टायटॅनियमची एक जागा रिकामी राहते. हिशेब तिथेच मिटतो, सुटे इलेक्ट्रॉन उरत नाहीत. फेरोइलेक्ट्रिकपणा ज्या टायटॅनियम-ऑक्सिजन साखळ्यांवर उभा, त्याही तुटतात. म्हणून क्युरी तापमान १२० अंशांवरून दर टक्क्याला साधारण २० ते २५ अंशांनी उतरतं.

आता ४ टक्क्याचं गणित करा: क्युरी तापमानाला परमिटिव्हिटीचं (भार साठवण्याच्या क्षमतेचं) जे शिखर असतं, ते पंचवीस-तीस अंशांच्या आसपास येतं. सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी बिनएसीच्या लॅबमध्ये त्याहून जास्त तापमान असतं! नुसतं 'रूम टेंपरेचर' लिहून परमिटिव्हिटी देऊ नका, शेजारी थर्मामीटर ठेवा. एक्सआरडीतही (क्ष-किरण विवर्तनातही) ४५ अंशांच्या कोनाजवळची जोडशिखरं एकात मिसळलेली दिसतील. स्फटिकाची रचना जवळजवळ क्युबिक (घनाकृती) झालेली असते.

पेलेट फोडून रंग बघा. वाहणारा आतून निळसर-काळपट, इन्सुलेटर पिवळट-पांढरा. कडा फिकट आणि गाभा काळा असेल, तर भट्टीत निघून गेलेला ऑक्सिजन थंड होताना कडेपर्यंतच परत शिरला. सिंटरिंग (भट्टीतलं भाजणं) चालू असताना लाईट गेली की फर्नेस आपल्या मनाने थंड होते. असा नमुना तुलनेत धरू नका, मी तर सरळ बाजूला टाकतो.

लॅन्थॅनमचे भाईबंद डिस्प्रोशियम, होल्मियम मात्र बेरियम आणि टायटॅनियमच्या मधल्या आकाराचे, ते दोन्ही जागी बसतात. निकेल इलेक्ट्रोडच्या बहुस्तरीय कपॅसिटरमध्ये ते यासाठीच घालतात; ऑक्सिजनच्या रिकाम्या जागांची हालचाल मंदावते आणि कपॅसिटर जास्त टिकतो.

आणि ०.३ टक्क्याच्या पेलेटला सिल्व्हर पेस्ट लावली असेल, तर तो रोध खरा धरू नका. चांदी आणि असा सिरॅमिक यांच्या सांध्यावर अडथळा तयार होतो, मीटर तोही मोजतं. इंडियम-गॅलियमचा मिश्रधातू चोळून पुन्हा मोजा.