नाही सोडवलं तरी

प्रश्न : ताई, सलाम. मी सातपूरला एका छोट्या कारखान्यात अकाउंट्सला होते, नऊ वर्षं. मार्चएंडला साहेबांनी न आलेल्या मालाची बिलं एंटर करायला सांगितली. दोन रात्री झोप नाही, प्रार्थना केली आणि नाही म्हटलं. पंधरा दिवसांत काम गेलं. आता सात महिने झाले, घराचा हप्ता मिस्टरांच्या एकट्याच्या पगारातून जातो, ते म्हणतात सगळेच करतात, तुलाच काय पडलं होतं. घरसभेत दर शुक्रवारी कोणीतरी साक्ष देतं की आज्ञा पाळली आणि देवाने दुप्पट दिलं, मग मला म्हणतात तुझा विश्वास कुठे कमी पडतोय ते बघ. माझं काय चुकलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : सलाम गं. काही चुकलं नाही. आणि आधी हे डोक्यातून काढ की नोकरी देवाने घालवली, ती तुझ्या साहेबाने घालवली.

आता कोणीतरी तुला बायबलातला योहान १५ ऐकवेलच, की फळ देणाऱ्या फाट्याचीच छाटणी होते. वचन खरंच आहे. माझ्या माहेरी पिंपळगावकडे द्राक्षबाग आहे, एप्रिलात खरड छाटणी झाली की बाग बघवत नाही, नुसते ओंडके उभे, कापलेल्या टोकातून टपटप पाणी गळत असतं, आणि एवढं करून लगेच फळ नाहीच, पुन्हा ऑक्टोबरात छाटायचं तेव्हा कुठे पुढे घड. पण माझा भाऊ गारपिटीला कधी छाटणी म्हणत नाही. गारपीट ती गारपीट. तुझ्यावर गारा पडल्यात, त्यात देवाचा हात शोधत बसून स्वतःला दोष देऊ नकोस.

दुप्पट मिळाल्याची साक्ष मलाही ऐकायला आवडते, खोटं कशाला बोलू. पण देवाचं ऐकणं म्हणजे एफडी नाही ना, की मुदत भरली आणि व्याज आलं. बायबलात दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख, अबेद्नगो हे तिघे राजाच्या मूर्तीला नमले नाहीत म्हणून राजापुढे उभे आहेत, भट्टी समोर पेटलेली, आणि ते म्हणतात आमचा देव आम्हाला सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. आपण साक्षीत पहिलं वाक्य घेतो, दुसरं गाळतो. मला तर वाटतं खरा भरवसा त्या दुसऱ्या वाक्यातच आहे, कारण ते बोलले तेव्हा पुढे काय होणार हे त्यांना कुठे माहीत होतं? तू एंट्री नाकारलीस तेव्हा तुलाही नव्हतं. मग विश्वास कमी कसा?

मिस्टरांचं मात्र मी वेगळं सांगते, आणि तुला कदाचित आवडणार नाही. आज्ञा पाळलीस तू, भुर्दंड दोघांना. आपल्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं आठव, १८९५ साली त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा बाई अगदी कोसळल्या, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि स्वतः प्रभूकडे आल्या त्या नंतर, आपल्या पायांनी. त्यामुळे नवऱ्याच्या तोंडावर वचनं मारू नकोस. तो दर महिन्याला एकट्याने हप्ता भरतोय, कुरकुरत का होईना, ते आज एकदा बोलून दाखव. मग शांतपणे हेही सांग की न आलेल्या मालाच्या बिलांवर जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे कराची वजावट, घेणं गुन्हा आहे, उद्या चौकशी आली असती तर एंट्री कुणाच्या लॉगिनने झाली हेच आधी बघितलं असतं.

बाकी, बँकेत जाऊन कर्जाची मुदत वाढवून मिळते का विचार, हप्ता थोडा कमी होईल. पाळकसाहेबांना प्रार्थनेची विनंती देतेस तसा घरात किती कमी पडतं तो आकडाही सांग, मंडळीत कुणाची दुकानं असतात, कुणाच्या सीएशी ओळखी असतात, पार्टटाइम रिटर्न भरायचं काम निघू शकतं. लाज वाटते माहितीये, मलाही वाटायची.

आणि शुक्रवारी साक्ष मागितली तर उठून सांग की सात महिने झाले, अजून काही मिळालं नाही, पण परत वेळ आली तरी मी ती एंट्री करणार नाही. शेवटचं वाक्य मनापासून येत नसेल तर गाळ, तिथे तरी खोटी एंट्री नको.